गगनातलं कमळ आणि आमची लिफ्ट

आठवीत असताना मी कराडमध्ये वक्तृत्वाची फिरती ढाल जिंकली होती. विषय ‘विज्ञान : शाप की वरदान’. आमच्या बाईंनी चार पानी भाषण लिहून दिलं होतं. हात कुठे वर न्यायचा, आवाज कुठे खाली आणायचा, हे समासात पेन्सिलीने लिहिलेलं. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत आलं की पायांची थरथर थांबायची, पुढचं आपोआप यायचं. महिन्याभराने वादविवाद स्पर्धा होती. तिथे माझी चिठ्ठी निघाली प्रतिकूल बाजूची. बाईंनी तेच भाषण उलटं करून दिलं आणि दुसरा नंबर आला. ऑगस्टमध्ये वरदान असलेलं विज्ञान सप्टेंबरमध्ये शाप झालं. मला दोन्ही वेळा टाळ्यांपलीकडे काही वाटलं नव्हतं.

ढाल वर्षभराने परत द्यावी लागली. आपल्याला बोलता येतं, हा समज मात्र पुढे पस्तीसेक वर्षं माझ्याकडेच राहिला. गेल्या सप्टेंबरात डोंबिवलीत, आमच्या सोसायटीच्या मीटरबॉक्सपाशी, तो एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी काढून घेतला.

आमची इमारत 1986 ची. तळ अधिक तीन मजले, मजल्यावर चार फ्लॅट, एकूण सोळा. लिफ्ट नाही. लोक राहायला आले तेव्हा सगळे तिशीतले, कपाटं आणि गादीचे गठ्ठे पाठीवर घेऊन वर चढलेले. आता त्याच लोकांचे गुडघे गेलेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, चौदा नंबरमध्ये. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दीड वर्षात खाली उतरलेल्या नाहीत. भाजीवाल्याशी गॅलरीतून भाव करतात आणि पिशवी दोरीने सोडतात. मी दोन ठिकाणांहून लिफ्टचे दर मागवले. जिन्याला लागून बाहेरून शाफ्ट उभारायचा, सगळं धरून 22 लाख.

वार्षिक सभा पावसाळ्यात जिन्याखाली, मीटरबॉक्सपाशी होते. मी उभी राहिले आणि मला वाटतं मी चांगलीच बोलले. माणुसकी, ज्येष्ठांचा सन्मान, आईंचं गॅलरीतलं आयुष्य. एका जागी आवाज खालीही आणला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खालचे बोलायला लागले.

‘आम्हाला लिफ्ट कशाला? आम्ही काय तळघरात जाणार?’ हे एक नंबर. ‘आज लिफ्ट मागताय, उद्या पोहण्याचा तलाव मागाल,’ हे सहा नंबर. नऊ नंबरवाले दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट झाली तर त्यांचाही फायदा; पण ते गेली वीस वर्षं प्रत्येक ठरावाला विरोध करत आलेत आणि त्यांचा स्वतःचा ठराव आजवर कुणी पाहिलेला नाही. मी म्हटलं, ‘अहो, जिन्याचा त्रास सगळ्यांनाच होतो.’ ते म्हणाले, ‘सगळ्यांना? मला नाही होत.’

तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये लिहिलेलंच आहे की लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान वाटून घ्यायचा, कोणी ती वापरो वा न वापरो. त्याची झेरॉक्स माझ्या हातात होती. ती मी जरा फडकावलीच.

दोन नंबरचे सर तोवर गप्प होते. वय अठ्ठ्याहत्तर. ते म्हणाले, ‘वहिनी, गगनारविंद.’

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं हे वाईट. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चुकीच्या युक्तिवादाचं एक ठरलेलं उदाहरण आहे: आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे. कमळ सुगंधी असतं हे कबूल, पण आकाशात कमळ आहे कुठे? ज्याच्याबद्दल बोलायचं तेच नाही, म्हणून ह्या दोषाला आश्रयासिद्ध म्हणतात. ‘तुमचा नियम असलेल्या लिफ्टच्या देखभालीचा. आपल्याकडे लिफ्टच नाही. ती बसवायचा खर्च कोणी करायचा, ह्याबद्दल ह्या कागदात काय लिहिलंय?’

काहीच लिहिलेलं नव्हतं. लोक हसले. तिसऱ्या मजल्यावरचेही हसले, हे जास्त लागलं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

आठवडाभर मी दोन नंबरच्या दाराकडे न बघता कामावर गेले. मग राहवेना. सर सकाळी तुळशीला पाणी घालत होते. मी विचारलं, ‘सर, ते कमळाचं अजून काही आहे का?’ मास्तरकी अंगातून गेलेली नसते. त्यांनी आतून अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहाची मराठी टीपा असलेली प्रत आणून हातात ठेवली. सतराव्या शतकातलं छोटंसं पाठ्यपुस्तक आहे ते. विद्यार्थ्यांना तर्कशास्त्राची सुरुवात करून देणारं. पुढचे तीन महिने आमची शिकवणी अशीच चालली, मी चपला घालताना पाच-सात मिनिटं. पुढचं ऐकायला थांबले म्हणून माझी 8:20 ची लोकल दोनदा चुकली.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की वाद हा शब्द आपण फार वाईट करून टाकला. मुळात वाद म्हणजे दोघांनी मिळून खरं काय ते शोधायचं. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडत बसायचं, ती वितंडा. ‘नऊ नंबर,’ मी म्हटलं. ‘नऊ नंबर,’ सर म्हणाले. ‘आणि तुम्ही जल्प. मीही त्या दिवशी थोडा जल्पच केला.’ शब्दाला पकडून कोंडीत धरणं म्हणजे छल, हेही तेव्हाच कळलं. त्याचंही ठरलेलं उदाहरण आहे. कोणी म्हणतं, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. समोरचा म्हणतो, खोटं, ह्याच्याकडे नऊ घोंगड्या कुठायत, एकच तर दिसतेय. दीड हजारांहून जास्त वर्षं झाली ह्या विनोदाला, आणि आमच्या सभेत तो ‘सगळ्यांना’ ह्या शब्दावर ताजा निघतो.

पण मला खरं भावलं ते वेगळंच. अनुमान दोन प्रकारचं असतं, स्वार्थ आणि परार्थ. इथे स्वार्थ म्हणजे आपमतलबीपणा नाही. स्वतःपुरतं, स्वतःला कळण्यासाठी. डोंगरावर धूर दिसला की मनातल्या मनात आपल्याला कळतं, तिथे आग आहे. एवढं पुरतं. दुसऱ्याला पटवायचं असेल तर मात्र पाच पायऱ्या मांडाव्या लागतात. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुरकट, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. मी सभेत जे केलं ते स्वार्थानुमान होतं, दोन्ही अर्थांनी. आईंना बघून मला जे कळत होतं ते मी मोठ्या आवाजात म्हटलं, आणि ते इतरांनाही कळलंय असं धरून चालले.

‘तुमचं उदाहरण कोणतं होतं?’ सरांनी विचारलं.

‘आमच्या आई.’

‘ते तुमचं झालं. न्यायसूत्रं लिहिणाऱ्या गौतमांनी दृष्टांताची व्याख्या केलीय, की साधा माणूस आणि जाणकार, दोघांचं ज्याच्याबद्दल एकमत आहे तो दृष्टांत. स्वयंपाकघरातला धूर कोण नाकारणार? तुमच्या घरातलं दुखणं एक नंबरला कसं दिसेल?’

मी लोकलमध्ये ह्यावर विचार करत उभी होते. (बसायला मिळत नाही. मिळवायचं असेल तर ‘ताई, कुठे उतरणार?’ हा प्रश्न कोणत्याही युक्तिवादापेक्षा उपयोगी.) मोबाइलवर ॲरिस्टॉटलबद्दलही वाचायला लागले होते, कारण सर एकदा फणकाऱ्याने म्हणाले होते की ग्रीकांनी दोनच पायऱ्यांत काम उरकलं. ते काही अगदी खरं नाही, पण त्यांचा रोख मला सापडला. ॲरिस्टॉटल म्हणतो की शास्त्रातल्यासारखी सगळी साखळी लोकांसमोर मांडू नये. श्रोत्याला जे आधीच ठाऊक आहे ते गाळावं, तो ते स्वतः भरून घेतो. म्हणजे एक पायरी ऐकणाऱ्यासाठी मोकळी सोडायची. मी तर चार पानं पाठ करणारी. कोणाला पाय ठेवायलाही जागा ठेवलेली नाही.

पटवण्याची साधनं त्याने तीन सांगितली, ती बहुतेकांना माहीत असतात: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. पत म्हणजे त्याने पुन्हा तीन गोष्टी धरल्यात: माणसाला अक्कल आहे, तो सचोटीचा आहे आणि ऐकणाऱ्याचं भलं चिंततो. मी प्रामाणिकपणे हिशेब केला. अक्कल झेरॉक्सने गेली. सचोटीवर शंका नव्हती. पण भलं चिंतणं? तळमजल्याचं भलं मी एका वाक्यातही चिंतलं नव्हतं.

त्याची एक वाटणी मात्र मला सोसायटीसाठीच केल्यासारखी वाटते. भाषणं तीन प्रकारची. कोर्टातलं भाषण भूतकाळाबद्दल, काय घडलं आणि दोष कुणाचा. गौरवाचं किंवा निंदेचं भाषण मुख्यतः वर्तमानाबद्दल. आणि सभेतलं भाषण भविष्याबद्दल, काय करावं. आमच्या सभांची जुनी इतिवृत्तं काढून बघितली तर सगळी भूतकाळात अडकलेली. 2009 साली पार्किंगच्या पट्ट्या कोणी मारल्या. टाकीची गळती आधी कोणी सांगितली. सभा बोलवायची आणि चालवायचं कोर्ट! मीसुद्धा एक नंबरला ‘तुमच्या मोटारपंपाला आम्ही पैसे दिले होते’ असं सुनावलंच होतं. ते खरं होतं. त्याचा उपयोग शून्य झाला.

माझं ऑफिस फोर्टात. विम्याच्या दाव्यांच्या विभागात सव्वीस वर्षं लोकांची पत्रं वाचतेय, आणि मला आधीच कळायला हवं होतं असं आता वाटतं. ‘तुमच्या भोंगळ कारभाराचा तीव्र निषेध’ अशी सुरुवात असलेलं पत्र माणूस वाचतो, पण हात दुसऱ्या फाइलकडे जातो. एका गृहस्थांचं पत्र अजून आठवतं. पहिलंच वाक्य होतं, ‘कागद द्यायला मला उशीर झाला, नियमाप्रमाणे तुम्ही नाही म्हणू शकता.’ मग तारखा. मग दवाखान्याचा दाखला. मग एकच विनंती. मी जे म्हणणार होते ते त्यांनीच म्हणून टाकलं होतं. मला उरलं ते फक्त त्यांच्या बाजूने काही सापडतं का ते बघणं. मी दोन टेबलांवर स्वतः फाइल घेऊन गेले.

जेवणाच्या सुट्टीत कधीकधी हायकोर्टापर्यंत चक्कर मारते. तिथे 1908 साली टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतः केला. काही दिवस मिळून 21 तास 10 मिनिटं बोलले. समोर नऊ जणांची ज्यूरी, त्यात सात युरोपियन. ज्या लेखांवरून खटला चालला ते मराठीत, त्यामुळे कितीतरी वेळ अमुक शब्दाचं इंग्रजी भाषांतर बरोबर की चूक ह्यातच गेला. न्यायाधीश दावर, हेच दावर 1897 च्या खटल्यात टिळकांचे वकील होते आणि त्यांनी जामीन मिळवून दिला होता. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी. आणि बाहेर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. एकवीस तासांचं बोलणं त्यातल्या किती जणांच्या कानी पडलं असेल? तिथे कामाला आली ती माणसाची पत. शिक्षेआधी टिळक जे थोडकंच बोलले, ज्यूरी काहीही म्हणो मी निर्दोष आहे अशा अर्थाचं, त्याची संगमरवरी पाटी आज त्याच कोर्टात आहे.

मी त्या बाजूने जाताना विचार करायचे की टिळक बोलत होते नऊ जणांशी, पण नऊ जणांसाठी नव्हे. त्यांना ते परवडलं. माझ्यामागे गिरणी कामगार नव्हते. मला तळमजल्याची आणि पहिल्या मजल्याची मतं हवी होती, आणि मी मात्र टाळ्या वाजवणाऱ्या तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून बोलले होते.

डिसेंबरात सरांनी गृहपाठ दिला. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे विरोधकाचं म्हणणं. तेही असं की विरोधकाने म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. ‘तळमजल्याची बाजू एका पानात लिहून आणा. माझा वकील म्हणून लिहा.’

मी लिहिलं. खर्च, वापर नाही, पेन्शन, फ्लॅट घेताना वरच्यांनी जिना बघूनच घेतला होता. मला वाटलं झकास जमलंय. सरांनी लाल पेनने तपासलं, दहापैकी सहा. खाली लिहिलं होतं, ‘मुख्य मुद्दा राहिला.’

‘कोणता?’

ते मला आत घेऊन गेले. एकतीस वर्षं शेजार, पण त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच गेले. एकच खिडकी, जिन्याच्या बाजूला. तिच्यातून सकाळचा उजेड ओट्यावर येत होता आणि सरांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मागवलेल्या नकाशात शाफ्ट बरोबर त्या खिडकीसमोर होता.

‘सर, हे सभेत का नाही बोललात?’

‘तुम्ही विचारलं कुठे? आणि तुम्ही माणुसकीबद्दल बोलत असताना मी माझ्या खिडकीबद्दल बोलायचं, म्हणजे मीच हलका.’

हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं. मी भाषण इतकं उंच नेलं होतं की समोरच्याला त्याची साधी, खरी अडचण सांगायची लाज वाटली. आणि मग माणूस गगनारविंद काढतो.

शाफ्ट जिन्याच्या दुसऱ्या अंगाला न्यायला कंत्राटदाराने आधी कुरकुर केली, मग ड्रेनेजची एक लाइन वळवून जमेल म्हणाला. खर्चाचा आकडा 22 लाखांतच बसवला. पैशाची वाटणी सरांनीच सुचवली, एकास तीनास पाचास सात. म्हणजे तळमजल्याला फ्लॅटमागे 34,375 रुपये, पहिल्याला 1,03,125, दुसऱ्याला 1,71,875 आणि आम्हाला 2,40,625. आमच्या ह्यांनी आकडा ऐकून चष्मा काढून पुसला, पण काही बोलले नाहीत.

जानेवारीत विशेष सभा झाली, गच्चीवर. सभा गच्चीवर ठेवली हा माझा डाव होता असं नऊ नंबर आजही म्हणतात. खरं तर पावसाळ्यात मीटरबॉक्स आणि हिवाळ्यात गच्ची हा आमचा जुनाच रिवाज. पण कोरमला अकरा लागतात, ते जमेपर्यंत प्रत्येक जण कठड्याला धरून दम घेत होता, हे मी नाकारत नाही.

ह्या वेळी मी सहा मिनिटं बोलले. पहिली तीन तळमजल्याच्या वतीने, खिडकीसकट. मग नवा नकाशा आणि वाटणी. आईंचं नावही काढलं नाही. शेवटी एवढंच म्हटलं, ‘अकरा नंबरच्या काकांना खाली आणलं ती रात्र सगळ्यांना आठवत असेल. आपण बसलोय त्यातलीच खुर्ची होती.’ आणि खाली बसले.

ती प्लास्टिकची खुर्ची सोसायटीचीच. काकांना छातीत दुखायला लागलं होतं, स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना. चार मुलांनी खुर्ची उचलली. त्यातला एक, एक नंबरचा मुलगा. सर पुढे बॅटरी धरून उलटे पायऱ्या उतरत होते. काका वाचले, पण मग मुलीकडे नाशिकला गेले ते गेलेच. अकरा नंबरला कुलूप आहे. ह्यातलं काहीही मी सांगितलं नाही. गच्चीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. एक नंबरनी आपल्या खुर्चीचा हात उगाचच चाचपला.

नऊ नंबरनी विचारलं, ‘पण लिफ्ट बंद पडली तर?’ त्यावर पहिल्यांदाच दुसऱ्या कोणीतरी, मी नव्हे, उत्तर दिलं.

हजर तेरा. बाजूने दहा, विरोधात तीन: नऊ नंबर, सहा नंबर आणि सर.

जिना उतरताना मी सरांना गाठलं. मला खरंच राग आला होता. ‘सर, वाटणी तुमची, नकाशा तुमच्यासाठी बदलला, आणि हात विरोधात?’

ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले, कठडा धरून. ‘पक्ष पटला हो तुमचा. पण माझ्या पेन्शनीत चौतीस हजार बसत नाहीत, आणि हे तिथे सगळ्यांसमोर कसं बोलू? उद्या हप्त्यांचा ठराव आणा. त्याला पहिला हात माझा.’

हप्त्यांचा ठराव फेब्रुवारीत झाला, एकमताने. म्हणजे नऊ नंबर गावाला गेले होते. आता कागद महापालिकेत आहेत. आईंनी भाजीवाल्याला गॅलरीतून बजावून ठेवलंय की दिवाळीत मी खाली येतेय, तुझा काटा बघायला.